गॅस पाइपलाइनवाल्याचं नेमकं काम काय? करार, वाटणी आणि पंधरवड्याचा हिशेब

वाल्व्हमॅन

नैसर्गिक गॅसवर चर्चा निघाली की सगळी गाडी भावावर जाऊन थांबते. पाइपलाइन चालवणारा काय करतो, त्याची कोणाशी कसली कागदपत्रं असतात आणि महिन्यातून दोनदा तो जो हिशेब पाठवतो तो कसा बनतो यावर मराठीत काहीच सापडत नाही म्हणून हा धागा. मी या लाइनीत बरीच वर्षं कमर्शियल डेस्कवर काम केलंय, त्यामुळे जे लिहितोय ते टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट, ट्रान्सपोर्टर हा ट्रान्सपोर्टर म्हणून गॅसचा मालक नसतो. गॅस विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, त्यांच्यात विक्रीचा करार असतो. ज्याच्या नावावर पाइपमधली जागा बुक असते त्याला शिपर म्हणतात आणि त्याचा ट्रान्सपोर्टरशी वेगळा करार असतो, ज्याला सगळे जीटीए (गॅस ट्रान्सपोर्टेशन अॅग्रीमेंट) म्हणतात. शिपर कधी स्वतः कारखाना असतो, कधी शहरात गॅस वाटणारी कंपनी, कधी गॅसचा व्यापार करणारा मार्केटर. पाइपमध्ये असताना मालकी शिपरची आणि ताबा ट्रान्सपोर्टरचा, आणि या दोन शब्दांतलं अंतर ज्याला कळलं त्याला अर्धा धंदा कळला.

आता अडचण अशी की गॅस पाइपमध्ये गेला की सगळ्यांचा एकच होऊन जातो. दूध संघाच्या टँकरमध्ये दहा गावांचं दूध एकत्र होतं, पुढे कुणाचं किती आणि कुणाची फॅट किती लागली हे फक्त वहीत उरतं, तसंच इथे. दहेजच्या टर्मिनलवरून आलेला एलएनजीचा (जहाजातून द्रवरूपात आणलेला) गॅस, उरणला उतरलेला समुद्रातला गॅस आणि काकीनाड्याकडून आलेला गॅस एकाच मीटरमधून बाहेर पडतो. तुमच्या भट्टीत जळलेला गॅस नक्की कुठला हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून ट्रान्सपोर्टरचं जितकं काम कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्हचं तितकंच वहीचं, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे दुसऱ्या कामाला पहिल्याइतका मान मिळत नाही.

दिवस कसा चालतो ते सांगतो. गॅसचा दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला संपतो. त्याच्या आधी शिपर नॉमिनेशन देतो, म्हणजे अमुक एंट्री पॉइंटला इतका टाकणार, अमुक एक्झिट पॉइंटला इतका उचलणार. ट्रान्सपोर्टर सगळ्यांची नॉमिनेशनं जुळवून बघतो, टाकणारा पण तेवढंच म्हणतोय का, लाइनमध्ये जागा आहे का, आणि मग शेड्यूल देतो. दिवस संपला की मीटरचे खरे आकडे येतात आणि ते कधीच शेड्यूलशी तंतोतंत जुळत नाहीत. जो फरक पडतो तो कुणाच्या नावावर टाकायचा याला म्हणायचं अलोकेशन. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

एक उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते. एका शहराच्या सिटी गेट स्टेशनवर (जिथे ट्रान्सपोर्टर शहर गॅस कंपनीला गॅस देतो) मीटर एकच आणि त्यामागे करार तीन. एपीएमचा सरकारी भावाचा गॅस ६,००० एमएमबीटीयू (उष्णतेचं युनिट), लाँग टर्म एलएनजी ३,००० आणि स्पॉटचा, म्हणजे त्या वेळच्या बाजारभावाचा, २,००० असं एकूण ११,००० चं नॉमिनेशन. त्या दिवशी उचल झाली १०,००० ची. आता कमी पडलेले १,००० कुणाचे? तिघांत प्रमाणात वाटले तर ५,४५५, २,७२७ आणि १,८१८ अशी वाटणी होते. आधी एपीएम पूर्ण, मग लाँग टर्म, आणि जी काही घट आहे ती स्पॉटवर असा क्रम ठरलेला असेल तर ६,०००, ३,००० आणि १,०००. एपीएमचा भाव एप्रिल २०२५ ला लागू झालेल्या ६.७५ डॉलरच्या कमाल मर्यादेवर धरा, लाँग टर्म १० आणि स्पॉट १२ समजा, तर त्या दिवशी जळलेल्या गॅसच्या खर्चात या दोन पद्धतींमध्ये जवळपास ३,४०० डॉलरचा फरक पडतो. मीटर तोच, गॅस तोच, नुसता वाटणीचा नियम बदलला. म्हणून हा नियम करारात आधी लिहिलेला असावा लागतो आणि तिन्ही बाजूंनी मान्य केलेला असावा लागतो, नंतर ठरवायची ही गोष्टच नाही.

दुसरा भाग मोजणीचा. मीटर घनमीटर मोजतो पण पैसे उष्णतेचे लागतात. एससीएम म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार या स्थितीला आणलेला घनमीटर, आणि एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. ४०,००० एससीएम गॅस दर एससीएमला ९,४०० किलोकॅलरीचा असेल तर १,४९२ एमएमबीटीयू भरतो आणि ९,२०० चा असेल तर १,४६०. रोजचे हे ३२ युनिट पंधरवड्यात चांगलेच जाणवतात. त्यामुळे क्रोमॅटोग्राफ (गॅसचे घटक मोजणारं यंत्र) कधी कॅलिब्रेट केला, कुठल्या स्टेशनचा आकडा तुमच्या पॉइंटला लावला हे विचारायचा शिपरला पूर्ण हक्क असतो. फार थोडे लोक विचारतात.

---

भट्टीवाली

दादा, धाग्याबद्दल मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. मी रायगड जिल्ह्यात एका स्टील प्लांटच्या परचेसमध्ये आहे, आमचं जीटीए थेट ट्रान्सपोर्टरशी आहे आणि गॅस आम्ही एका मार्केटरकडून घेतो. पावसाळ्यात आमचा रीहीटिंग फर्नेस दोन दिवस ट्रिप झाला होता, रोजचं नॉमिनेशन ५०,००० एससीएम आणि उचल ३२,००० च्या आसपास, शिफ्टवाल्यांच्या डोक्यात फर्नेस चालू करायचंच होतं, नॉमिनेशन बदलायचं कुणाला सुचलं नाही. आम्हाला वाटलं कमी घेतला तर कमी पैसे. पंधरवड्याचं बिल आलं तर त्यात पॉझिटिव्ह इम्बॅलन्स चार्ज (टाकल्यापेक्षा कमी उचलल्याचा), शिवाय ट्रान्सपोर्टचे पैसे पूर्ण बुक केलेल्या कपॅसिटीच्या हिशेबाने, आणि मार्केटरने गॅसचे पैसे पण पूर्ण ५०,००० चे लावलेले. एकाच गोष्टीचे तीन ठिकाणी पैसे असं आमच्या एमडींचं म्हणणं आहे आणि मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. आणि खरी तक्रार अशी की आमचं इम्बॅलन्स वाढत चाललंय हे आम्हाला बिलाबरोबरच कळलं. आधी एकही स्टेटमेंट आलं नव्हतं.

---

वाल्व्हमॅन

@भट्टीवाली ताई, तुमचा प्रश्न या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. तीन वेगळे करार किंवा तीन वेगळी कलमं आहेत, ती सुटी करून बघू.

मार्केटरने ५०,००० एंट्री पॉइंटला खरोखर टाकले असतील तर मालकी तिथेच तुमच्याकडे आली, त्यामुळे त्याचे पूर्ण पैसे बरोबर आहेत. तो गॅस वाया गेलेला नाही, रोजचे १८,००० म्हणजे दोन दिवसांचे ३६,००० एससीएम तुमच्या नावाने पाइपमध्ये जमा आहेत. ते तुम्ही पुढच्या दिवसांत एंट्रीला कमी नॉमिनेट करून उचलू शकता, बहुतेक ठिकाणी तसंच केलं जातं. मार्केटरने जर टाकलाच नसता तर इम्बॅलन्स झालं नसतं पण मग टेक ऑर पे च्या (ठरलेला गॅस घ्या नाहीतर त्याचे पैसे द्या) वार्षिक हिशेबात तो खड्डा दिसला असता. म्हणजे काही ना काही बसणारच होतं, कुठल्या खात्यावर बसवायचं एवढं तुमच्या हातात होतं, ते पण नॉमिनेशन वेळेत बदललं असतं तर.

कपॅसिटीचे पैसे हा शिप ऑर पे चा भाग. तुमच्यासाठी पाइपमधली जागा राखून ठेवली, वापरली नाही तरी करारात ठरलेल्या मर्यादेपर्यंत भाडं लागतं. यात वाद घालण्यासारखं काही नसतं, फक्त तो दिवसाचा मोजलाय की महिन्याचा की वर्षाचा ते करारात बघा, त्याने आकडा खूप बदलतो.

राहिला इम्बॅलन्स चार्ज. याच्यामागे खरं कारण आहे. लाइनमध्ये जो गॅस दाबाखाली भरून असतो त्याला लाइनपॅक म्हणतात आणि ती सगळ्यांची मिळून एक गादी आहे. सगळेच जण गॅस टाकत राहिले आणि उचलायचे थांबले तर दाब चढतो आणि शेवटी ट्रान्सपोर्टरला कुणाची तरी आवक बंद करावी लागते. उलट सगळे जास्त उचलायला लागले तर टोकाच्या गिऱ्हाइकाला दाब मिळत नाही, त्याचा काही दोष नसताना. म्हणून ठराविक टक्क्यांपर्यंत सूट आणि त्याच्या वर चार्ज अशी रचना असते, आणि जास्त उचलणाऱ्यावर नियम कडक असतात कारण तो दुसऱ्याचा गॅस वापरत असतो.

पण तुमची शेवटची तक्रार, स्टेटमेंट आलंच नाही ही, ती मला शंभर टक्के पटते. इम्बॅलन्स चार्जचा हेतू शिपरने आपलं वागणं सुधारावं हा असतो. ज्या शिपरला स्वतःची शिल्लक त्या त्या दिवशी दिसत नाही तो काय डोंबल सुधारणार? मी डेस्कवर असताना सुद्धा हेच भांडायचो की रोजचं तात्पुरतं अलोकेशन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलंच पाहिजे, आकडा नंतर थोडा बदलला तर चालेल. ट्रान्सपोर्टरच्या कंट्रोल रूममध्ये स्काडावर दर क्षणाचा फ्लो दिसतो. आपल्याकडे असलेली माहिती दाबून ठेवून पंधरा दिवसांनी दंडाची पावती पाठवणं याला मी हिशेब म्हणत नाही.

---

हिशेबनीस

उत्तम धागा. सीए असल्यामुळे माझ्या बाजूचं थोडं. नैसर्गिक गॅस अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, पण पाइपलाइनने वाहतूक ही सेवा असल्यामुळे तिला जीएसटी लागतो. त्यामुळे भट्टीवाली यांच्यासारख्या कंपनीच्या वहीत एकाच मॉलिक्यूलवर दोन वेगळ्या कर पद्धती बसतात आणि गॅसवर भरलेल्या व्हॅटचं क्रेडिट जीएसटीत मिळत नाही. २०१७ पासून उद्योगवाले मागणी करतायत, अजून काही झालेलं नाही.

माझा प्रश्न, हा इम्बॅलन्सचा आणि ओव्हररनचा (बुक केलेल्या कपॅसिटीपेक्षा जास्त वापराचा) जो पैसा जमा होतो तो ट्रान्सपोर्टरचं उत्पन्न धरायचा का? एका क्लायंटच्या ऑडिटमध्ये यावर बराच खल झाला होता.

---

शंकासुर

मला मूळ मुद्द्यावरच शंका आहे. गेल ही सरकारी गॅस कंपनी पाइपलाइन चालवते आणि तीच गॅसही विकते. मग शेड्यूल करणारा, वाटणी करणारा आणि दंड लावणारा जर स्वतःच बाजारात विक्रेता असेल तर दुसऱ्या मार्केटरला न्याय मिळेल यावर विश्वास का ठेवायचा? कोण कुठे किती नॉमिनेट करतोय ही माहिती म्हणजे धंद्यातलं सोनं आहे. मी कुणावर आरोप करत नाहीये, रचनेबद्दल विचारतोय.

---

वाल्व्हमॅन

@हिशेबनीस, नाही, ते उत्पन्न नाही. पीएनजीआरबी, म्हणजे पाइपलाइनींवर देखरेख करणारं नियामक बोर्ड, त्याच्या अॅक्सेस कोडप्रमाणे (पाइप दुसऱ्यांना वापरायला देण्याचे नियम) हा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचा असतो आणि त्याचं काय करायचं ते बोर्ड ठरवतं. तर्क साधा आहे, दंडातून नफा होत असेल तर ट्रान्सपोर्टरला शिपरची चूक व्हावी असंच वाटेल. ही तरतूद मला या सगळ्या चौकटीतली सगळ्यात शहाणी तरतूद वाटते.

@शंकासुर, शंका रास्त आहे आणि जगभर हीच शंका घेऊन कायदे झालेत. आपल्याकडे पीएनजीआरबी कायदा २००६ चा, बोर्ड कामाला लागलं २००७ पासून, आणि २००८ मध्ये अॅक्सेस कोड आणि संलग्न कंपन्यांसाठीची आचारसंहिता आली. त्यात वाहतूक आणि विक्रीचा धंदा एकमेकांपासून वेगळा ठेवायचा, हिशेब वेगळे ठेवायचे, सगळ्या शिपरना सारखी वागणूक द्यायची, असं सगळं आहे. पाइपलाइनची काही क्षमता कॉमन कॅरिअर म्हणून कुणालाही खुली ठेवावी लागते, ती एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या बुकिंगसाठी, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त मुदतीचा पक्का करार म्हणजे काँट्रॅक्ट कॅरिअर. कागदावर ठीक आहे. पण एकाच कंपनीच्या छताखाली दोन डिपार्टमेंट असताना मधली भिंत किती जाड आहे हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो, म्हणूनच स्वतंत्र सिस्टिम ऑपरेटर असावा ही चर्चा इतकी वर्षं चालू आहे. २०२० मध्ये इंडियन गॅस एक्स्चेंज सुरू झाल्यापासून तर त्याची गरज जास्तच वाढली, कारण तिथे आज सौदा केलेला छोटा खरेदीदार लगेच पाइपमध्ये जागा मागायला येतो आणि त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितलं तर सौद्याला अर्थच राहत नाही. माझं मत विचाराल तर डिस्पॅच आणि अलोकेशन करणारी संस्था वेगळी झालीच पाहिजे, पाइपची मालकी कुणाकडे का असेना.

हिशेबाचा आणखी एक थर १ एप्रिल २०२३ पासून आलाय तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. आधी गॅस चार पाइपलाइनींमधून आला की चार टॅरिफ एकावर एक चढायचे, लांबच्या राज्यांना गॅस परवडायचाच नाही. मग युनिफाइड टॅरिफ आला, नॅशनल गॅस ग्रिडमध्ये ज्या पाइपलाइनी धरल्या त्या सगळ्यांना मिळून एक दर, ७३.९३ रुपये प्रति एमएमबीटीयू असा सरासरी आकडा आणि ३०० किमी, १,२०० किमी आणि त्यापुढे असे तीन झोन. १ जुलै २०२४ पासून तो ८०.९७ झाला आणि पुढे झोनही तीनाचे दोन केले. गिऱ्हाइकाला सोपं झालं, पण आतमध्ये काय झालं बघा. प्रत्येक पाइपलाइन कंपनीचा तिच्या खर्चाप्रमाणे ठरलेला हक्काचा टॅरिफ वेगळाच आहे, आणि ती गिऱ्हाइकाकडून वसूल करते युनिफाइड दराने. त्यामुळे एकीकडे हक्कापेक्षा जास्त जमा होतात, दुसरीकडे कमी पडतात, आणि हा फरक कंपन्यांनी आपसात मिटवायचा असतो. म्हणजे ट्रान्सपोर्टरला आता शिपरचा हिशेब तर ठेवायचाच आहे, वर दुसऱ्या ट्रान्सपोर्टरशी पण सेटलमेंट करायचं आहे. एकाने वसुलीचे आकडे उशिरा दिले की बाकीच्यांचे पैसे अडकतात.

---

राईनकाठ

मी जर्मनीत गॅस नेटवर्क कंपन्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करते, त्यामुळे धागा वाचून राहवलं नाही. इथली रचना वेगळी आहे ती सांगते.

इथे गॅसचं वितरण करणाऱ्या नेटवर्क कंपन्या जवळपास ७०० आहेत, कित्येक तर एखाद्या गावाच्या नगरपालिकेच्या. त्या सगळ्यांना बांधणारा एक सामायिक सहकार्य करार आहे, कोण कुणाला कुठला डेटा कधी देणार हे त्यात तारीखवार लिहिलेलं आहे, आणि तो वेळोवेळी सुधारला जातो. नेटवर्कवाला गॅस विकत नाही, विकणारा सप्लायर वेगळा. १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण देशाचा एकच मार्केट एरिया आहे, आधीचे दोन एकत्र करून केलेला, आणि त्याचा मॅनेजर म्हणजे ट्रेडिंग हब युरोप. बॅलन्सिंगची जबाबदारी त्याच्याकडे, म्हणजे वाल्व्हमॅन दादा म्हणतात तो स्वतंत्र माणूस इथे आहे. व्यापारी आपलं बॅलन्स खातं त्याच्याकडे उघडतो, नेटवर्क कंपनी त्या खात्यात कुणी किती गॅस नेला ते कळवते.

आता गंमतीचा भाग, म्हणजे मला तरी हा सगळ्यात सुंदर वाटतो. मोठ्या गिऱ्हाइकाचा मीटर तासातासाला वाचला जातो, तिथे खरा आकडा मिळतो. पण वर्षाला १५ लाख किलोवॅटतासाच्या खालचे, म्हणजे घरं, बेकऱ्या, छोटी दुकानं, त्यांचा मीटर बहुतेक वर्षातून एकदाच वाचतात. मग त्यांनी आज किती जाळला हे कसं कळणार? नेटवर्क कंपनी हवामानाच्या अंदाजातलं तापमान घेते, ठरलेल्या प्रोफाइलमध्ये (कुठल्या तापमानाला कसलं गिऱ्हाईक किती गॅस जाळतं याचं गणित) घालते आणि उद्याचं अलोकेशन आदल्या दिवशीच काढून पाठवते. सप्लायरच्या बॅलन्स खात्यासाठी तोच आकडा पक्का. प्रत्यक्षात थंडी जास्त पडली तरी सप्लायरला त्याचा इम्बॅलन्स बसत नाही, ती रिस्क त्याच्यावर टाकलेली नाही. वर्षाने मीटर वाचला की अंदाज आणि खरं यातला फरक नेटवर्क कंपनी सप्लायरशी पैशात मिटवते, जास्त भरला असेल तर परत देते, कमी असेल तर घेते, त्यासाठीचा भाव मार्केट एरिया मॅनेजर जाहीर करतो. आणि मग नेटवर्क कंपनी तोच फरक मॅनेजरशी मिटवते, तिच्याकडे त्यातलं काही उरायला नको.

शिवाय प्रत्येक नेटवर्क कंपनीचं मॅनेजरकडे एक नेटवर्क खातं असतं, त्यात तुझ्या हद्दीत किती आला आणि तू सप्लायरांच्या नावावर किती दाखवलास याची तुलना होते. प्रोफाइल चुकीचे असतील तर ते तिथे लगेच उघडं पडतं. आमच्याकडे दर थंडीत एखादी कंपनी अशी सापडते आणि मग पूर्ण टीम जुने गिऱ्हाइकांचे वार्षिक अंदाज तपासत बसते.

ब्रिटनमध्ये जून २०१७ मध्ये नवी सिस्टिम आली तेव्हा प्रत्येक मीटर पॉइंटचा वेगळा ताळमेळ सुरू झाला आणि ज्याचा कुणाशीच मेळ बसत नाही तो अनोळखी गॅस सगळ्या शिपरमध्ये वाटायला लागले. त्यावर तिथे किती कलह झाला ते मी त्या प्रोजेक्टवरच्या सहकाऱ्यांकडून ऐकलंय. मूळ प्रश्न सगळीकडे एकच, जो गॅस मोजला गेला नाही त्याचे पैसे कोणी द्यायचे.

---

पनवेलकर

सगळं समजलं असं म्हणणार नाही पण वाचायला मजा आली. आमच्यासारख्या पीएनजीवाल्यांचा यात संबंध कुठे येतो? आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गेलच्या पाइपला इजा होऊन मुंबईत सीएनजीच्या रांगा लागल्या होत्या, तेव्हा हे नॉमिनेशन, शिप ऑर पे वगैरे सगळं कसं चालतं?

---

वाल्व्हमॅन

@राईनकाठ ताई, फार छान लिहिलंत. फरक मिटवल्यावर नेटवर्कवाल्याच्या हातात काही उरायला नको हे वाक्य आपल्या एस्क्रोच्या विचाराशी तंतोतंत जुळतं. आणि सप्लायरला हवामानाची रिस्क न देण्याचा निर्णय मला तरी योग्य वाटतो, ज्याला मीटर दिसत नाही त्याच्यावर मीटरचा दंड कसला?

@पनवेलकर, तुमचा संबंध शेवटच्या टोकाला येतो. तुमच्या दृष्टीने शहर गॅस कंपनी हीच विक्रेता आणि हीच नेटवर्कवाली, कारण त्या भागात तिला ठराविक मुदतीसाठी मार्केटिंगची एक्स्क्लुझिव्हिटी, म्हणजे विकण्याचा एकटीचा हक्क, दिलेला असतो. ट्रान्सपोर्टर तिचा हिशेब सिटी गेटला रोज करतो, आणि ती तुमचा मीटर दोन महिन्यांनी वाचते. मधला जो फरक पडतो, गळती, घरच्या मीटरला तापमानाची दुरुस्ती नसणं, बंद पडलेले मीटर, चोरी, तो सगळा तिच्या अंगावर. त्यामुळे तुमच्या दारात मीटर बदलायला माणूस आला तर त्याला हाकलू नका एवढंच सांगतो.

नोव्हेंबरची घटना तिसऱ्या माणसाकडून पाइपला झालेल्या इजेची होती, वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला गॅस पोचेना आणि घरगुती पीएनजीला आधी गॅस मिळेल अशी व्यवस्था लावून सीएनजी पंप आणि उद्योगांकडे तुटवडा गेला. त्यांच्या करारांत काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही, सर्वसाधारण पद्धत सांगतो. अशा वेळी ट्रान्सपोर्टर फोर्स मेजरची (हाताबाहेरच्या घटनेची) नोटीस देतो. नोटीस चालू असेपर्यंत गॅस पोचवायची त्याची जबाबदारी थांबते, आणि जितकी कपॅसिटी त्याला देता आली नाही तितकं शिप ऑर पे शिपरला माफ होतं. उरलेली क्षमता प्रमाणात वाटायची की प्राधान्यक्रमाने हे पण आधी ठरलेलं असतं. पण विक्रीचा करार वेगळा असल्यामुळे पाइप बंद पडला म्हणून विक्रेत्याचं टेक ऑर पे आपोआप माफ होतंच असं नाही, विक्रीच्या करारात ट्रान्सपोर्टरची फोर्स मेजर धरली आहे का ते बघावं लागतं. कितीतरी उद्योगांचे वकील हे कलम सही करताना वाचत नाहीत आणि पाइप फुटल्यावर शोधायला लागतात.

---

भट्टीवाली

दादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून एमडींना दिला, तीन करारांचं त्यांना पटलं. आमच्या विक्री करारात ट्रान्सपोर्टरची फोर्स मेजर धरलेली नाहीये, ते पण आज कळलं, रिन्यूअलला ते घालून घेणार आहोत. आता इम्बॅलन्स चार्जवर आम्ही वाद उपस्थित करायचा ठरवलंय. पूर्ण बिल अडवून ठेवायचं का फक्त तेवढाच भाग? आणि कशाच्या आधारावर लिहू?

---

हिशेबनीस

पूर्ण बिल अजिबात अडवू नका ताई. पेमेंटला मुदत अगदी थोडे दिवस असते, उशीर झाला की व्याज आणि पुढे लेटर ऑफ क्रेडिट (तुमच्या बँकेने दिलेली पैशाची हमी) वटवण्यापर्यंत जाऊ शकतं. वादाचा भाग सुद्धा आधी भरून मग निषेध नोंदवायचा की तेवढाच रोखता येतो हे जीटीएच्या बिलिंग कलमात असतं, दोन्ही प्रकार बघितलेत.

---

वाल्व्हमॅन

हिशेबनीस म्हणतात ते आधी करा. मग आधार. त्या पंधरवड्याच्या सगळ्या दिवसांची जॉइंट टिकटं काढा, ज्यावर तुमच्या आणि त्यांच्या माणसाची सही असते, आणि त्यातली उचल बिलातल्या अलोकेशनशी दिवसवार ताडून बघा. कधीकधी ट्रिप झालेल्या दिवसाचा आकडा पुढच्या दिवसावर गेलेला सापडतो, खास करून सकाळी ६ च्या आसपास ट्रिप झाली असेल तर. एंट्रीला मार्केटरने खरंच ५०,००० टाकले का, त्याच्याकडून त्या दोन दिवसांचा एंट्री अलोकेशनचा कागद मागा. तो जर ४६,००० निघाला तर तुमचं इम्बॅलन्स त्या प्रमाणात उतरतं आणि मार्केटरचं बिल पण चुकलेलं निघतं. चार्ज मोजताना सूट कशाच्या टक्केवारीत धरली, नॉमिनेशनच्या की बुक केलेल्या कपॅसिटीच्या, तेही बघा, कारण कपॅसिटी साधारण मोठी असते आणि सूटही तेवढीच मोठी होते.

शिल्लकीचं स्टेटमेंट किती वाजेपर्यंत आणि कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हे जीटीएच्या परिशिष्टात लिहिलेलं असतं. ते कलम काढून ठेवा आणि त्या दिवसांत काहीच आलं नव्हतं हे दाखवायला तुमच्या मेलबॉक्सचा लॉग आयटीकडून घ्या. पत्रात भाषा साधी ठेवा, इतकं इम्बॅलन्स मान्य, इतकं स्टेटमेंट न मिळाल्यामुळे अमान्य, असं आकड्यात लिहा. पाइपमध्ये राहिलेल्या तुमच्या ३६,००० एससीएमचं पुढे काय केलं, कुठल्या दिवशी कुठल्या नॉमिनेशनमधून वळतं केलं, हे पण त्याच पत्रात विचारा, कारण तो गॅस तुमच्या पैशाचा आहे आणि पुढच्या पंधरवड्याच्या ओपनिंग बॅलन्सला तो दिसलाच पाहिजे.